वाणातली कॅसेट

माझ्या लग्नात माहेरून जे सामान आलं, त्यात माझा खरा जीव होता तो डबल डेकच्या टेपरेकॉर्डरमध्ये. पिंपळगाव बसवंतला माझे वडील द्राक्षांच्या एका व्यापाऱ्याकडे कामाला होते. त्या वर्षी हंगाम चांगला गेला होता, म्हणून भांड्यांच्या जोडीला हेही द्यावं असं त्यांच्या मनात आलं. दोन कॅसेटी शेजारी शेजारी बसायच्या, एक वाजायची आणि दुसरी भरायची. नाशकात सिडकोतल्या आमच्या दोन खोल्यांत फ्रीज यायला पुढे बरीच वर्षं लागली, पण टेप पहिल्या दिवसापासून कपाटावर विराजमान होता आणि त्याच्यावर मी स्वतः विणलेला रुमाल होता.

नवरा सातपूरच्या कंपनीत पहिल्या पाळीला गेला, की मी शेजारच्या घरांतून कॅसेटी आणायचे आणि भरून घ्यायचे. कोरी कॅसेट रविवार कारंज्यावर स्वस्त मिळायची. गाण्याचे पैसे द्यायचे असतात, हे तेव्हा आमच्या कोणाच्या डोक्यातच नव्हतं. दुधाचे द्यायचे, पेपरचे द्यायचे, केबलवाल्याचे कुरकुरत का होईना द्यायचे. गाणं मात्र शेजारणीकडून विरजण आणावं तसं आणायचं. वाटी घेऊन जायचं, चमचाभर घ्यायचं, आपल्या घरी पातेलंभर लावायचं. तिचं काही कमी होत नाही आणि आपलं भागतं. यात कोणाचं काही जातंय असं मला सांगणारा भेटला असता, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, म्हणजे माझ्या वन्सं, मखमलाबादला दिलेल्या. घरची फुलशेती. झेंडू, शेवंती, थोडा गुलाब. फुलं तोडायची, टोपल्या भरायच्या, आणि दाजी त्या घेऊन बाजारात जायचे. वन्संना शाळा फारशी मिळाली नव्हती, पण गळा असा होता, की पंचक्रोशीतल्या कुठल्याही घरात लग्न निघालं की पत्रिका छापायच्या आधी वन्संना तारीख विचारायला माणूस यायचा. हळदीची गाणी, घाणा भरतानाची गाणी, विहिणीला चिमटे काढणारी गाणी, सगळी त्यांना तोंडपाठ. नुसती पाठ नव्हे. लग्नघरी गेल्या की त्या आधी तांदूळ निवडायला बसायच्या आणि निवडता निवडता चौकशी करायच्या. नवरीच्या मामाचं नाव काय, आत्या कुठली, धाकटा दीर काय करतो. मग हळद लागताना गाण्यात ती सगळी माणसं एकेक करून यायची. मामाचं नाव आलं की मामानं पुढे होऊन नारळ ठेवायचा, काकूचं नाव आलं की काकू लाजायची. एकदा एका घरच्या थोरल्या काकांचं नाव राहून गेलं, तर ते जेवायला बसेनात. शेवटी वन्संनी पंगतीत उभं राहून त्यांच्या नावाचं कडवं रचून म्हटलं, तेव्हा कुठे त्यांनी वरणभात कालवला.

गाण्याचे त्या पैसे घेत नसत. खण, नारळ, कधी साडी, आणि मांडवात सगळ्यात आधी मिळणारं पान. त्या पानावर बसलेल्या वन्सं मी पाहिल्या आहेत. घरी शेतात कामाला वाकलेली बाई तिथे पाठ ताठ करून बसायची.

माझ्या लग्नाच्या आधीच्या दसऱ्याला दाजींनी झेंडूचे आलेले सगळे पैसे बायकोच्या हातात ठेवले आणि म्हणाले, तुझी गाणी भरून घेऊ. शालिमारजवळ एका माडीवर एक माणूस कॅसेटी काढायचा. भक्तिगीतं, आरत्या, जत्रेची गाणी. त्यानं वन्संचा आवाज ऐकला, पेटी आणि ढोलकीवाले बसवले आणि दोन दिवसांत कॅसेट भरली. त्याची एक अट होती. गाण्यात कोणाची नावं नकोत, कॅसेट कोणाच्याही लग्नात चालली पाहिजे. म्हणून मामाच्या नावाच्या जागी नुसता मामा आला, नवरीच्या नावाच्या जागी नवरीबाई. दुसरी गोष्ट त्यानं आपणहून सांगितली. "ह्या सगळ्या खपल्या ना ताई, की दुसरी कॅसेट माझ्या खर्चानं काढतो. तुमच्याकडून एक पैसा घेणार नाही."

त्या दुसऱ्या कॅसेटमध्ये वन्संचा जीव अडकला. पहिल्या कॅसेटमधली गाणी त्यांच्या आईची, सासूची, पिढ्यानुपिढ्यांची होती. दुसरीत त्यांना स्वतः रचलेली गाणी घालायची होती. फुलं तोडतानाची, बाजारात भाव पडल्यावरची, लेक जन्मल्यावरची. मला त्यांनी एकदा बांधावर बसून एका गाण्याची नुसती चाल गुणगुणून दाखवली होती. म्हणाल्या, "बोल नाय सांगणार आत्ता. कॅसेटीतच ऐक." मीही हट्ट केला नाही. येणारच होती की कॅसेट.

मग माझी पहिली संक्रांत आली. हलव्याचे दागिने, काळी साडी, हळदीकुंकू. प्रश्न होता वाण काय द्यायचं याचा. सगळीकडे प्लास्टिकच्या वाट्या नाहीतर कुंकवाच्या डब्या. मला असलं काही द्यायचं नव्हतं. मी नवी सून, माहेरचा टेप, डोकं तेज. मला वाटलं, वन्संची कॅसेट द्यावी. प्रत्येक घरी त्यांचा आवाज जाईल, त्यांचं नाव होईल.

इथवर सगळं ठीकच होतं. वन्संकडून कॅसेटी विकत आणल्या असत्या तर हे लिहायला मी बसलेच नसते. पण मी विचार केला, आणि तो विचार मला आजही शब्दन् शब्द आठवतो. मी त्यांच्याकडे इतक्या कॅसेटी मागितल्या तर त्या माझ्याकडून पैसे घेणार नाहीत. माहेरच्या माणसाकडून, त्यातून धाकट्या भावाच्या बायकोकडून त्या कशा पैसे घेतील? फुकट देतील आणि त्यांचं नुकसान होईल. त्यांना तोशीस नको. आपल्याकडे त्यांनी दिलेली एक कॅसेट आहे, टेप आहे, कोऱ्या कॅसेटी स्वस्त आहेत. आपणच भरू. असा माझा समजूतदारपणा. नवऱ्यानंही माझी पाठ थोपटली.

आठवडाभर दुपारी मी तेच काम केलं. मूळ कॅसेट झिजू नये म्हणून आधी एक चांगली प्रत काढली आणि मग तिच्यावरून बाकीच्या भरल्या. त्या पहिल्या प्रतीच्या वेळी वीज गेली आणि आली, त्यामुळे एका गाण्यात मध्येच आवाज जड होऊन ओढला जातो आणि पुन्हा सावरतो. नवी प्रत काढायचा मला कंटाळा आला. प्रत्येक कॅसेटवर मी चिठ्ठी चिकटवली आणि सुवाच्य अक्षरात वन्संचं नाव लिहिलं.

हळदीकुंकवाला आमच्या गल्लीतल्या सगळ्या बायका आल्या. मखमलाबादहून वन्संच्या जावा, भावकीतल्या बायका, शेजारणी, टेम्पो करून आल्या. आणि वन्संही आल्या, पहिला मान त्यांचाच. मी त्यांना हळदकुंकू लावलं, तिळगूळ दिला, ओटी भरली, आणि वाण म्हणून त्यांचीच कॅसेट त्यांच्या हातात ठेवली.

त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली. चिठ्ठीवरचं नाव त्यांना वाचता येत होतं तेवढं वाचलं. मग समोर चटईवर बसलेल्या बायकांकडे पाहिलं. प्रत्येकीच्या मांडीवर तीच कॅसेट होती.

"सगळ्यांना हीच दिली?" त्यांनी विचारलं.

"हो वन्सं. सगळ्यांना." मी फुलून सांगितलं.

"छान केलंस वहिनी," त्या म्हणाल्या, आणि कॅसेट पदराखाली पिशवीत ठेवली. बायका माझं कौतुक करत होत्या. एवढी कल्पक सून मिळाली म्हणून सासूबाईंनी कोणाला तरी माझ्यावरून मीठमोहऱ्या ओवाळायला सांगितल्या. वन्सं हसत होत्या. त्या हसण्यात मला तेव्हा काहीही वेगळं दिसलं नाही, आणि दिसलं होतं असं आता म्हणणं हा लबाडपणा होईल.

ज्या बायकांनी वन्संची कॅसेट विकत घेतली असती, नेमक्या त्याच बायका त्या दिवशी माझ्या चटईवर बसल्या होत्या. त्यांच्याकडून ती त्यांच्या बहिणींकडे गेली, नणंदांकडे गेली, सिन्नरला गेली, घोटीला गेली. जिथे टेप होता तिथे भरली गेली. त्या उन्हाळ्यात नाशकाच्या चारी बाजूंना लग्नाच्या मांडवातून वन्संचा आवाज यायचा. लोक भेटले की मला सांगायचे, "तुमच्यामुळे घराघरात पोचल्या हं त्या." मी मान हलवायचे.

पुढच्या वर्षी मी मखमलाबादला गेले तेव्हा वन्सं दिवाणाखालून झेंडूचं बी काढत होत्या, आणि त्यासाठी त्यांनी आधी दोन खोकी बाहेर ओढली. खोकी कॅसेटींनी भरलेली होती. मी विचारलं नाही, तरी त्यांनीच हसत हसत सांगितलं. शालिमारचा तो माणूस दुकानांतून परत आलेला माल घेऊन घरी आला होता. तोही चक्रावला होता. "ताई, तुमचं गाणं जिकडंतिकडं वाजतंय आणि कॅसेट कोणी घेत नाही, हे मी पहिल्यांदा बघतोय," असं म्हणाला. आणि दुसऱ्या कॅसेटचं? तर त्याचं काही नाही. तो विषय त्यानं काढला नाही आणि वन्संनीही काढला नाही.

ती खोकी कोणी भरलेली ठेवली, हे मला त्या क्षणी कळलं. मी चाचरत म्हणाले, "वन्सं, यातल्या मला द्या ना थोड्या. पैसे देते मी."

"तुझ्याकडनं पैसे घेऊ?" त्या खरंच दुखावल्या. "माहेर हाय माझं ते." आणि त्यांनी दोन मुठी कॅसेटी माझ्या पिशवीत टाकल्या, वर शेवंतीची फुलं टाकली, आणि दाजींना मला स्टॉपपर्यंत सोडायला सांगितलं. मी त्यांना काय झालं ते समजावून सांगू शकले असते. पण त्यांना ते समजलं नव्हतं का? मला अजून ठरवता आलेलं नाही. समजलं असेल तर त्यांनी मला वाचवलं, आणि नसेल तर मी गप्प बसून स्वतःला वाचवलं. दोन्हीकडून मीच वाचले.

त्याहून वाईट गोष्ट हळूहळू झाली, म्हणून ती कोणाच्या लक्षात आली नाही. लग्नाची आमंत्रणं वन्संना येत राहिली, पण तारीख विचारायला माणूस येईना. वन्सं जायच्या, तांदूळ निवडायला बसायच्या, नावं विचारायच्या. आणि हळद लागायची वेळ झाली की कोणीतरी टेप लावायचं. त्यांनी तोंड उघडलं तर बायका प्रेमानं म्हणायच्या, "कशाला घसा ताणता मावशी, लावलीय ना तुमचीच." त्यांना वाईट वाटावं म्हणून कोणी म्हणत नव्हतं. त्यांच्यासमोर त्यांचीच कॅसेट लावणं हा सन्मानच वाटायचा लोकांना. नावं नसली तरी कोणाचं अडलं नाही. उलट, माझं नाव राहिलं म्हणून रुसायची सोयच उरली नाही. पहिलं पानही मग कधीतरी पाहुण्यांच्या गर्दीत दुसऱ्या कोणापुढे जायला लागलं. दोन-चार वर्षांनी वन्संनी नावं विचारणं बंद केलं.

दोन हजार सालानंतर कॅसेटी गेल्या आणि फूटपाथवर सीड्या आल्या. मेन रोडला एका गाड्यावर लग्नगीतांची एक सीडी मला दिसली. शेकडो गाणी, किंमत चहा-वड्याएवढी, वर कोणा नटलेल्या परक्या बाईचा फोटो. मी ती गाड्यावरच वाजवायला लावली. वन्संच होत्या. आणि एका गाण्यात आवाज मध्येच जड झाला, ओढला गेला, पुन्हा सावरला. माझ्या घरची वीज गेली होती ती तिथे. गाडेवाला म्हणाला, "सीडी खराब नाही ताई, गाणंच तसं आहे." मी पैसे देऊन ती सीडी घेतली. पैसे कोणाला दिले? त्या गाडेवाल्याला. एवढ्या वर्षांत वन्संच्या गाण्यासाठी मी मोजलेले ते पहिले पैसे, आणि तेही असे.

आता महिन्याला ठरलेले पैसे भरले की हवी तेवढी गाणी ऐकायची सोय झाली आहे. माझा मुलगा मला विचारतो, मध्ये मध्ये जाहिराती ऐकल्या तर फुकटातही चालतं, मग भरायचे कशाला? हिशोबानं त्याचं बरोबर आहे. मी म्हणते, भर. त्यातलं गाणाऱ्याच्या हातात काय पडतं, कुठल्या बाईला आणि किती, मला ठाऊक नाही, आणि फार काही पडत नसावं असा मला संशय आहे. मी भर म्हणते त्यात माझा मोठेपणा नाही. ज्या बाईचे द्यायचे होते तिला देता आले नाहीत म्हणून मी दुसऱ्यांच्या पेटीत टाकते आहे, आणि असं टाकून हलकं वाटत नाही हेही मला माहीत आहे.

वन्संच्या लेकीचं लग्न निघालं तोवर फोनमध्ये गाणी भरून द्यायची दुकानं झाली होती. हळदीला मखमलाबादच्या अंगणात मांडव होता, कोपऱ्यात साउंडवाला होता आणि त्यानं आपला फोन मोठ्या स्पीकरला जोडलेला होता. सकाळची वेळ. लेक पाटावर बसली, वन्संनी हळदीची वाटी उचलली, आणि स्पीकरमधून वन्संचा तरुण आवाज सुरू झाला. आमच्याशेजारी नवऱ्या मुलाकडच्या बायका बसल्या होत्या. त्यांतली एक म्हणाली, "गोड आवाज आहे, कोणाचा हो?" आमच्याकडची एक मुलगी म्हणाली, "जुनंच काहीतरी आहे."

माझ्यानं बसवेना. मी उठले, साउंडवाल्याकडे गेले आणि बंद करायला लावलं. सगळ्यांनी वळून पाहिलं. "अगं, चांगलं चाललं होतं की," सासूबाई म्हणाल्या. मी वन्संजवळ जाऊन बसले. "वन्सं, तुमच्या लेकीची हळद आहे. तुम्ही म्हणा."

इतक्या वर्षांत त्यांना कोणी असं म्हटलं नव्हतं. मग त्यांनी वाटी खाली ठेवली, पदर सावरला, पाठ ताठ केली, आणि सुरुवात केली. आवाज खाली उतरला होता, थोडा घोगरा झाला होता, पण चाल पक्की होती. माझे डोळे भरून आले. मला वाटलं, चला, उशिरा का होईना, काहीतरी परत देता आलं.

गाणं लेकीच्या नावापाशी आलं. त्यांच्या तोंडून आलं, नवरीबाई.

त्या थबकल्या, मान हलवली, पुढचं कडवं घेतलं. मामाचं कडवं. मामा म्हणजे माझा नवरा. तो नारळ हातात धरून पुढे होऊन उभा होता, आपलं नाव येईल म्हणून हसत. लहानपणापासून ज्याला त्यांनी कडेवर खेळवलं, त्या भावाचं नाव. आलं नुसतं, मामा. कॅसेटीत होतं तसं, तेवढ्याच सुरात, तेवढंच थांबून. त्यांनी ते कडवं पुन्हा पहिल्यापासून घेतलं. पुन्हा तेच आलं. पोरीच्या गालावर ठेवलेला त्यांचा हात तसाच राहिला, आणि ओठ नुसते हलत राहिले, तांदळातला खडा शोधावा तसं त्या ते नाव शोधत होत्या. माझ्या नवऱ्यानं शेवटी नारळ ठेवून दिला.

मग त्या हसल्या. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "लाव वहिनी ते. तीच चांगली म्हणते."

मी साउंडवाल्याला हातानं खूण केली.